लेसरचा क्षण आणि देणगीचा रुपया

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत व देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत मी जमाखर्चाचा आढावा घेतो. ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक व लेखापरीक्षकांचा अहवाल या पुस्तिकेच्या अखेरीस छापला आहे. आज मी आपले लक्ष एका ठरावाकडे वेधू इच्छितो. मूळचे खानापूर तालुक्यातील आणि गेल्या दोन पिढ्या परप्रांतात गलाईचा व्यवसाय करणारे एक कुटुंब आपल्या नेत्रविभागास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी फेम्टोसेकंद लेसर यंत्र देऊ इच्छिते. आपले नाव जाहीर होऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे. ‘मोठ्या शहरात जे मिळते ते जत-आटपाडीच्या आणि माण-खटावच्या माणसालाही मिळावे,’ ही त्यांची भावना. तिच्यापुढे आम्ही सर्व नतमस्तक आहोत. तथापि विश्वस्त मंडळाने या देणगीविषयी काही वेगळी शिफारस केली आहे. ती का केली, हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञान मला जेवढे कळले, तेवढे आमच्या डॉक्टरांनी व प्राध्यापक मित्रांनी समजावून दिले म्हणून कळले. त्याच भाषेत ते आपणापुढे ठेवतो.

क्षणाचा हिशोब

फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा एकावर पंधरा शून्ये इतकावा भाग. एका सेकंदाच्या तुलनेत फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच लहान सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत एक सेकंद ठरेल. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. १०० फेम्टोसेकंदांत तो केसाच्या जाडीइतकेही अंतर कापत नाही.

एवढ्या अल्प काळाचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणसाच्या मनात येणारच. त्याचे उत्तर हिशोबात आहे. शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले काळ. ऊर्जा तीच ठेवून काळ कमी केला, की शक्ती वाढते. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या जलविद्युत प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. संशोधन संस्थांतील मोठ्या लेसरमधून १०० टेरावॅटचा, २५ फेम्टोसेकंदांचा एक स्पंद निघतो, असे समजू. त्याची शक्ती कोयनेच्या संपूर्ण क्षमतेच्या सुमारे ५१ हजार पट भरते. पण त्यातील एकूण ऊर्जा किती? अवघी अडीच ज्यूल. पाव किलो साखरेची पुडी जमिनीवरून एक मीटर उचलून फडताळात ठेवण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढीच. रक्कम लहान आहे, परंतु ती एका क्षणात चुकती केली आहे. या विषयाचे सारे मर्म त्यात आहे.

डोळ्यासाठी वापरतात तो स्पंद याहून फार सौम्य असतो. त्याची ऊर्जा सुमारे एक मायक्रोज्यूल व काळ काहीशे फेम्टोसेकंद असतो. भिंगाने तो एका सूक्ष्म बिंदूवर एकवटला, की त्या बिंदूपुरत्या पेशीद्रव्याचे आयनद्रव्य होते आणि अतिसूक्ष्म बुडबुडा उमटतो. वरच्या पारदर्शक पटलास धक्का लागत नाही. कारण तेथे किरण एकवटलेला नसतो. शेजारच्या पेशींना उष्णतेची झळ लागत नाही. कारण उष्णतेला तेथवर पोहोचण्यास सवड मिळत नाही. तापल्या तव्यावरची भाकरी हाताने उलटणारी आमची माताभगिनी हेच तत्त्व रोज वापरते. असे हजारो बिंदू एकमेकांशेजारी मांडले, की पातेही न लावता छेद तयार होतो.

सूत, लडी आणि दिंडी

असा प्रखर स्पंद तयार करणे मात्र सोपे नव्हते. दुर्बळ स्पंद विवर्धकातून, म्हणजे प्रकाश वाढविणाऱ्या माध्यमातून नेला, तर वाढता वाढता तो त्या माध्यमाचेच नुकसान करी. १९८५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मूरू व त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी यावर तोड काढली. विट्याच्या यंत्रमागधारकांना ती चटकन समजेल. घट्ट गुंडाळलेल्या सुतात रंग आतवर शिरत नाही. म्हणून सूत सैल करून लडी बांधतात, रंगवतात आणि मग पुन्हा घट्ट गुंडाळतात. या दोघांनी स्पंद सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून नेऊन काळात लांबवला, त्याची तीव्रता त्यामुळे उतरली, त्या सैल अवस्थेत तो वाढवला आणि शेवटी पुन्हा आवळला. या कामासाठी दोघांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्थर अ‍ॅश्किन यांच्यासमवेत विभागून मिळाले. १९०३ च्या मेरी क्यूरी व १९६३ च्या मारिया गोपर्ट मायर यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड या तिसऱ्या महिला. याच वाटेने पुढे गेलेल्या, फेम्टोसेकंदाच्याही हजाराव्या भागाच्या मापात मोजल्या जाणाऱ्या स्पंदांच्या संशोधनास २०२३ चे नोबेल मिळाले.

दुसरा धागा काचतंतूचा. काचेच्या तंतूतून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दाखविणाऱ्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. भारत सरकारने २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आमच्या रुग्णालयात एंडोस्कोपी होते, तिचे मूळ याच विद्येत आहे. पुढे या काचेत अर्बियम, इटर्बियम, थुलियम अशा दुर्मिळ मूलद्रव्यांचा अंश मिसळला गेला. बाहेरून डायोडचा प्रकाश देऊन हे अणू ऊर्जेने भरून ठेवले, की जाणारा दुर्बळ किरण वाटेत प्रत्येक अणूपासून थोडा थोडा प्रकाश घेत मोठा होतो. हाच तंतू-विवर्धक. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अर्बियमयुक्त तंतूचा विवर्धक सिद्ध केला. समुद्राखालून जाणाऱ्या तारांमधील दूरध्वनी व इंटरनेटचा प्रकाश अशाच विवर्धकांच्या बळावर खंड ओलांडतो.

या विवर्धकात वाटेत मिळणारा प्रकाश मूळ किरणाच्याच रंगाचा, त्याच दिशेचा व त्याच तालाचा असतो. आपल्या जिल्ह्यातून माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करीत जाते, तेव्हा वाटेवरच्या गावांतून माणसे दिंडीत मिसळतात. येणारा माणूस आपला निराळा ताल धरीत नाही, दिंडीचाच टाळ व पाऊल धरतो. तंतूत शिरलेल्या प्रकाशाचे असेच होते.

तंतूचा दुसरा गुण देखभालीचा. लांब, बारीक तंतू सहज थंड राहतो. आरसे जुळविण्याची खटपट कमी होते. धूळ, धक्के व उष्मा तो बराच सोसतो. त्याची मर्यादाही आहे. बारीक गाभ्यात प्रकाश दाटला, की स्पंदाचा आकार बिघडतो. म्हणून संशोधक रुंद गाभ्याचे तंतू आणि वर सांगितलेली सैल करण्याची युक्ती यांची सांगड घालतात. गलाई बंधूंना तंतू-लेसर अपरिचित नाही. हॉलमार्कच्या दागिन्यावर जो सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक उमटवलेला असतो, ते काम बहुधा तंतू-लेसरच करतो. त्याचे स्पंद मात्र नॅनोसेकंदांचे, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या मानाने फारच दीर्घ असतात.

आपल्या देशातील काम

हे सर्व परदेशातच घडते, असे कोणी समजू नये. सागर येथे जन्मलेल्या डॉ. दिलीप देविदास भवाळकर यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात लेसरचे संशोधन केले, परत येऊन भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरचे काम उभारले आणि इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे ते संस्थापक-संचालक झाले. त्यांना २००० साली पद्मश्री मिळाली. आज राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत अतिलघु स्पंदांच्या मोठ्या लेसरांबरोबरच तंतू-लेसर व वैद्यकीय उपयोगाची लेसर उपकरणेही विकसित झाली आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेने अतितीव्र स्पंद पदार्थावर टाकून क्षणमात्र प्रचंड चुंबकीय क्षेत्रे निर्माण केली व ताऱ्यांत घडणाऱ्या घडामोडींचा अभ्यास टेबलावर आणला. या कामासाठी त्यांना २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेत दीपक माथूर, आदित्य धर्माधिकारी व जयश्री धर्माधिकारी यांनी पाण्यातील डीएनएवर अशा स्पंदांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. किरण पेशीला कोठे तारतो व कोठे मारतो, हे समजल्यावाचून तो रुग्णावर वापरता येत नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने अर्बियम, इटर्बियम व थुलियम यांचे तंतू देशातच तयार केले आहेत.

संशोधन दवाखान्यापर्यंत कसे पोहोचते, याचे एक उदाहरण आमचे नेत्रतज्ज्ञ नेहमी देतात. मूरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेसर गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना, रॉन कुर्ट्झ यांना, त्या जखमेची कड विलक्षण रेखीव दिसली. आसपासची इजा जवळजवळ नव्हती. त्या निरीक्षणातून डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आले आणि पात्याविना बुबुळाच्या पारदर्शक पटलास छेद देणारे यंत्र जन्मास आले. चष्म्याचा नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियेत आणि नेत्रपटल रोपणाच्या काही प्रकारांत त्याचा उपयोग होतो. ते खरे उपकार आहेत.

मोतीबिंदू आणि ‘लेसर’ हा शब्द

आता आमच्या ओ.पी.डी.कडे येतो. तेथे नातेवाईकांचा सर्वांत नेहमीचा प्रश्न असतो, ‘साहेब, ऑपरेशन लेसरने करता ना?’ या प्रश्नापायी काही कुटुंबे व्याजाने पैसे काढतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. मोतीबिंदू लेसरने विरघळत नाही. बहुतेक ठिकाणी ज्याला लेसर म्हटले जाते, ती फेको शस्त्रक्रिया असते आणि ती ध्वनिलहरींनी होते. फेम्टोसेकंद लेसर असलेल्या ठिकाणीही तो छेद देणे, भिंगाच्या आवरणाला गोल खिडकी पाडणे व भिंगाचे तुकडे करणे एवढीच कामे करतो. तुकडे बाहेर काढणे व कृत्रिम भिंग बसविणे शल्यविशारदाच्याच हाती असते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागील आवरण गढूळ झाले, तर जो यॅग लेसर वापरतात, तो निराळा, जुना आणि त्यामानाने पुष्कळ स्वस्त आहे. त्याची गरज मात्र खरी आहे.

फेम्टोसेकंद लेसरने मोतीबिंदूचा निकाल अधिक चांगला लागतो काय? या प्रश्नाची कसून तपासणी झाली आहे. फ्रान्समधील पाच रुग्णालयांत सुमारे ९०० रुग्णांवर झालेली चाचणी २०२० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. लेसरसाहाय्यित शस्त्रक्रिया नेहमीच्या फेकोहून सरस ठरली नाही आणि खर्चाच्या मानाने परवडणारीही ठरली नाही. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्षही याच्याशी जुळणारा आहे.

याहून जवळचा पुरावा पुण्याचा आहे. ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे व सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर फेको आणि लहान छेदाची हाताने करावयाची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना दृष्टी फेकोच्या गटात अधिकांची चांगली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु चष्म्यासह दोन्ही गटांतील ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना चांगली दृष्टी मिळाली. त्याच गटाने २००७ मध्ये खर्चाचा हिशोब मांडून दाखविले, की हाताने करावयाची पद्धत जवळजवळ तेवढीच परिणामकारक असून कमी खर्चाची आहे. आमच्या शिबिरांतील रुग्ण बहुधा पिकलेला, कडक मोतीबिंदू घेऊन येतो. त्याच्यासाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे, असे आमच्या विभागप्रमुखांचे मत आहे.

फुकट यंत्राची किंमत

देणगीत मिळालेले यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. पण पुढील प्रत्येक वर्षी ते खर्चाच्या बाजूस बसते. कोट्यवधींच्या यंत्राचा वार्षिक देखभाल करार, तापमान व आर्द्रता काटेकोर राखणारी खोली, प्रत्येक डोळ्यासाठी एकदाच वापरावयाचे जोडसाधन, अशी ही यादी आहे. हा खर्च भागविण्यास रुग्णाकडून अधिक आकार घ्यावा लागेल. अधिक आकार देऊ शकणारे रुग्ण मिळावेत म्हणून यंत्राची जाहिरात करावी लागेल. मग हळूहळू रुग्णालय यंत्रासाठी चालू लागेल आणि जतच्या ज्या आजीसाठी देणगी दिली, ती रांगेत मागे पडेल. धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे व एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून ही योजना लागू आहे. आपल्या संस्थापकांनी मात्र ही कर्तव्ये कायदा येण्यापूर्वीच पत्करली होती. ती पार पाडण्यास हाताशी मोकळा पैसा लागतो.

तंतू-लेसर आपल्याला नकोच, असा याचा अर्थ नाही. मुतखडा फोडण्यासाठी थुलियमचा तंतू-लेसर आता उपलब्ध झाला आहे. त्याची प्रकाशलहर पाण्यात चटकन शोषली जाते. मूत्रमार्गातून नेण्याचा तंतू अधिक बारीक असू शकतो. जुन्या होल्मियम लेसरला बहुधा पाण्याने थंड ठेवण्याची व मोठ्या विद्युतजोडणीची गरज असते; हे यंत्र हवेनेच थंड राहते व साध्या जोडणीवर चालते. आपल्याकडील वीजपुरवठ्याचा विचार करता हे महत्त्वाचे आहे. मुतखड्याचे रुग्ण आपल्याकडे नियमितपणे येतात आणि आज त्यांतील अनेकांना मोठ्या शहरात पाठवावे लागते. येथे नव्या संशोधनाचा लाभ व गरिबाची गरज यांचा मेळ बसतो.

म्हणून विश्वस्त मंडळाची शिफारस अशी आहे :

१) मोतीबिंदूसाठी फेम्टोसेकंद लेसर यंत्र तूर्त घेऊ नये. नवा पुरावा आल्यास दर तीन वर्षांनी या निर्णयाचा फेरविचार व्हावा.

२) देणगीदार कुटुंबाच्या संमतीने देणगीचा एक भाग कायम निधी म्हणून गुंतवावा व त्याच्या व्याजातून दुष्काळी तालुक्यांतील मोफत मोतीबिंदू शिबिरे, रुग्णांची ने-आण व चष्मे यांचा खर्च भागवावा.

३) दुसऱ्या भागातून नवा यॅग लेसर आणि मूत्ररोग विभागासाठी थुलियम तंतू-लेसर घ्यावा. दोन्हींच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद खरेदीच्या वेळीच बाजूला काढावी.

४) ओ.पी.डी.मध्ये ठळक अक्षरांत फलक लावावा. शस्त्रक्रियेच्या पद्धती, त्यांचे दर, मोफत उपचाराची पात्रता आणि ‘मोतीबिंदूसाठी लेसर आवश्यक नाही’ हे वाक्य त्यावर असावे.

त्या कुटुंबातील ज्येष्ठांशी आम्ही सविस्तर बोललो. त्यांनी निर्णय मंडळावर सोपविला आहे. सोन्याचा कस पाहणाऱ्या माणसांना कसाची भाषा वेगळी समजावून सांगावी लागली नाही. त्यांचा हा मोठेपणा या सभेच्या इतिवृत्तात नोंदविला जावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी संशोधनाविषयी एक शब्द. १९८५ साली लांबविलेला तो स्पंद रुग्णाच्या डोळ्यापर्यंत येण्यास सुमारे दीड दशक लागले. त्या काळात त्या संशोधनावरील खर्चाला कोणी ‘यातून रुग्णाला काय मिळाले’ असे विचारले असते, तर उत्तर मिळाले नसते. रुग्णालयाने पुराव्याशिवाय यंत्र घेऊ नये आणि समाजाने उत्तराची घाई न करता संशोधन चालू ठेवावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्या संस्थेचे उद्दिष्ट वैद्यकीय असल्याने तिचा निधी भौतिकशास्त्राकडे वळविता येणार नाही. परंतु सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात वा वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात, तसेच साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या छत्राखाली विज्ञान शिकणारी मुले-मुली आपल्याच गावांतील आहेत. त्यांतील एखादीला प्रयोगशाळेची वाट धरावीशी वाटली, तर तिच्या शिक्षणाचा भार उचलणे आपणा प्रत्येकास वैयक्तिकरीत्या शक्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जिल्ह्यात याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

वरील ठराव आपल्यापुढे मंजुरीसाठी ठेवीत आहे.